वेऱ्याच्या बिलात पुराचा विमा घातला तर? (वडोदरा)

विश्वामित्रीकाठ (धागाकर्ता)

जरा लांबट लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

ऑगस्ट 2024 मध्ये आमची विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी 35 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 26 फूट. पाणी ओसरल्यावर आमच्या मुजमहुड्याकडे सगळ्यात जास्त तंटे झाले ते मदतीच्या पैशांवरून. सरकारने लारीवाल्यांना 5 हजार, केबिनवाल्यांना 20 ते 40 हजार, छोट्या पक्क्या दुकानांना 85 हजार जाहीर केले. घरांसाठी काय, तर कपड्यांचे अडीच हजार, भांड्यांचे अडीच हजार आणि थोडेफार केशडोल, म्हणजे रोख मदत. दुकानदारांवर माझा राग नाही, त्यांचंही खूप गेलं. पण राज्य आपत्ती निधीचे नियमच असे आहेत की पक्कं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार मिळतात, आणि आपल्याकडे घरं पडत नाहीत हो! घर उभंच असतं. आतलं फर्निचर, वायरिंग, फ्रिज, किचनचं प्लायवूड, सगळं कुजतं. त्याला नियमात रकानाच नाही.

घराचा विमा बाजारात मिळतो, पुरासकट मिळतो. पण घेतो कोण? आमच्या गल्लीत तरी मला कोणी सापडला नाही.

म्हणून प्रस्ताव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेरा म्हणजे आमच्याकडची घरपट्टी. वेऱ्याच्या बिलात प्रत्येक घरामागे एक ठरावीक रक्कम पूरविमा म्हणून घ्यायची. पैसा वेगळ्या खात्यात, सेवा सदनाच्या (म्हणजे महापालिकेच्या) तिजोरीत नाही. वर पुनर्विमा, म्हणजे विम्याचाच विमा, सरकारी जीआयसी री कंपनीचा. काळ्या घोड्याची पातळी ठरलेल्या आकड्यावर गेली की त्या त्या भागातल्या घरमालकांच्या खात्यात सरळ रक्कम. पंचनामा नाही, नगरसेवकाची चिठ्ठी नाही. आणि एक अट: ठरावीक तारखेनंतर नदीच्या पट्ट्यात बांधलेल्या घरांना यातून काही नाही.

फोडून काढा.

चौथा_मजला

अलकापुरीत राहतो, नावाप्रमाणे चौथ्या मजल्यावर. मी का भरायचे? नदीकाठी स्वस्तात प्लॉट घेणाऱ्यांनी घेतला, उन्हाळ्यात गार वाऱ्याला बसले, आता पावसाळ्याचं बिल शहराने वाटून घ्यायचं?

विश्वामित्रीकाठ

दादा, 2024 ला तुमची लिफ्ट चालू होती का?

चौथा_मजला

लिफ्टचं पॅनल आणि पाण्याची मोटर दोन्ही गेली. पण तो खर्च आम्ही सोसायटीने वर्गणी काढून केला, सरकारकडे गेलो नाही.

विश्वामित्रीकाठ

मग विमा म्हणजे दुसरं काय, वर्गणीच. फक्त आधी काढलेली.

फ्रान्समध्ये 1982 पासून हेच आहे. घराचा कुठलाही विमा घेतला की त्यावर नैसर्गिक आपत्तीचा अधिभार बसतो, टेकडीवरच्याला आणि नदीकाठच्याला त्याच टक्केवारीने. आधी 12 टक्के होता, 1 जानेवारी 2025 पासून 20 टक्के केला. मागे सरकारी पुनर्विमा कंपनी आणि तिच्यामागे सरकारची हमी. वरच्या मजल्यावरचा माणूसही भरतो. मात्र तिथेही मेख आहेच: अमुक गावात आपत्ती झाली असा सरकारी आदेश निघाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. तेवढ्यासाठीच मी नदीच्या पातळीचा आकडा म्हणतोय. आदेशावर सही करायला माणूस लागतो, पातळी मोजायला पट्टी पुरते.

ह्यूस्टनची_सून

माहेर दांडिया बाजार, सासर टेक्सास. सरकारी पूरविम्याचं काय होतं ते इथे रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते. वाचून मग उत्साह ठेवा.

अमेरिकेत खासगी कंपन्या पुराला हात लावायला तयार नव्हत्या म्हणून 1968 मध्ये सरकारने स्वतःचा कार्यक्रम काढला. फेमा ही संस्था तो चालवते, पॉलिसी बऱ्याचदा खासगी कंपनीच्या नावाने येते, पण जोखीम सरकारची. इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, घरातल्या वस्तूंना एक लाख, आणि वस्तूंचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो. सरकारने ठरवलेल्या पूरक्षेत्रात घर असेल आणि सरकारी पाठबळाचं कर्ज असेल तर विमा सक्तीचा. घेतल्यावर साधारण 30 दिवस थांबावं लागतं, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

कागदावर छान आहे ना? आता गंमत बघा. जुन्या घरांना सुरुवातीपासून सवलतीचा दर, कारण नकाशे येण्याआधी ती बांधलेली होती. दर कमी म्हणून लोक तिथेच राहिले. पूर आला, पैसे घेतले, त्याच जागी तसंच घर परत बांधलं, परत पूर. काही घरं अशी आहेत की ज्यांनी क्लेमची सवयच लावून घेतली आहे. कत्रिना, सँडी, हार्वे अशी वादळं येत गेली तसा कार्यक्रम सरकारी खजिन्याकडून कर्ज काढत गेला. 2017 मध्ये संसदेने 16 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं, तरी 20 अब्जांच्या वर राहिलंच.

सुधारणा केल्या नाहीत असं नाही. 2012 मध्ये कायदा केला की सवलती काढायच्या, खरा दर लावायचा. बिलं गेली, लोक खवळले, आणि 2014 मध्ये त्याच संसदेने अर्धी सुधारणा परत गुंडाळली. मग ऑक्टोबर 2021 पासून नवी दरपद्धत आली. त्यात नकाशातल्या रेषेच्या आत की बाहेर एवढंच बघत नाहीत. पाण्यापासूनचं अंतर, घर पुन्हा बांधायचा खर्च, जोत्याची उंची, सगळं धरतात. पण राहत्या घराचा प्रिमियम वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, त्यामुळे कित्येक घरं खऱ्या दरापर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं लागतील. तोपर्यंत ज्यांना वाढ झेपत नाही ते पॉलिसीच सोडतात. कार्यक्रमाला कायमची मंजुरीही नाही, 2017 पासून थोड्याथोड्या मुदतीची ढकलगाडी चालू आहे.

पॉलिसी एकदा स्वस्त दिली की ती महाग करायला कुठलाही आमदार धजत नाही. सगळं रामायण तिथेच आहे. वडोदऱ्यात पहिल्या वर्षी जो आकडा ठेवाल, तोच गळ्यात पडेल.

मगरमित्र

ताई, तुमच्याकडे पुरात मगरी येतात का? आमच्याकडे घरपोच.

विनोद सोडा. मला या सगळ्या विम्याच्या गप्पांत एक पळवाट दिसते. पाणी का भरलं? विश्वामित्रीच्या पात्रात आणि नाल्यांच्या जागांवर बांधकामं झाली म्हणून. भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस, ही शहरातलं पावसाचं पाणी वाहून नेणारी जुनी व्यवस्था. नकाशात शोधा आणि मग जागेवर जाऊन शोधा. वरून आजवा धरणाचे दरवाजे. 2024 नंतर समिती बसली, 2025 मध्ये शहरातल्या 24.7 किलोमीटर पात्राचा गाळ काढून रुंदीकरण केलं. ते आधी का नाही झालं? आता लोकांकडून विम्याचे पैसे घेतले की उद्या सेवा सदन म्हणेल, तुम्हाला विमा मिळाला ना, मग कांस साफ का करायची?

ह्यूस्टनची_सून

मगरी नाहीत, साप आणि लाल मुंग्यांचे तरंगणारे गोळे असतात. तुमच्या मगरी निदान एकेकट्या येतात.

तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा, आणि त्यावर इथली एक चांगली गोष्ट आहे. 1990 पासून अशी सोय आहे की एखाद्या गावाने नाले साफ ठेवले, बांधकामाचे नियम कडक केले, लोकांना नकाशे उघड दाखवले, तर त्या गावातल्या सगळ्यांच्या प्रिमियममध्ये सूट. किमान 5 टक्के, सगळ्यात वरच्या श्रेणीला 45. म्हणजे नालेसफाई थेट मतदाराच्या बिलात दिसते.

आणि आजव्याचं म्हणाल तर आमच्याकडे अॅडिक्स आणि बार्कर नावाचे दोन बांध आहेत, 1940 च्या दशकातले. पावसाचं पाणी अडवायला बांधलेले, आणि त्यांच्या पोटात, म्हणजे पाणी साठणार त्या जागेत, नंतर बिल्डरांनी वसाहती उठवल्या. 2017 मध्ये हार्वेत त्या बुडाल्या. कित्येकांकडे पूरविमा नव्हता, कारण सरकारी नकाशात त्यांचं घर पूरक्षेत्राबाहेर. लोक कोर्टात गेले आणि 2019 मध्ये बांधाच्या वरच्या अंगाच्या घरांबाबत कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. विमा असला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, आणि जबाबदारी आहे म्हणून विमा नको असंही नाही. खटल्याला वर्षं लागतात, गादी आज ओली असते.

सामा_सावली_रोड

धागाकर्त्यांनी ती तारखेची अट इतक्या सहज लिहिली की वाचून डोकं फिरलं.

आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा प्लॅन पास, बीयू (इमारत वापरायची) परवानगी, बँकेचं कर्ज, वकिलाचा टायटल रिपोर्ट, सगळं होतं. कोणी सांगितलं नाही की इथे पाणी येतं. बिल्डरच्या पत्रकावर ‘रिव्हर व्ह्यू’ छापलं होतं, तेवढं मात्र खरं ठरलं. आता तुम्ही म्हणणार, तुमचं घर तारखेनंतरचं, तुम्ही वेरा भरा, विम्याची रक्कम भरा, पण मिळणार काही नाही. परवानगी देणारा मोकळा, बांधणारा मोकळा, अडकला कोण? हप्ते भरणारा.

विश्वामित्रीकाठ

ताई (की दादा?), अट मी ब्रिटनवरून घेतली. तिथे 2016 मध्ये ‘फ्लड री’ ही योजना आली. पूरप्रवण घरांचा पुराचा भाग कंपन्या एका सामाईक पुनर्विमा संस्थेकडे ठरलेल्या स्वस्त दरात सोपवतात, तूट भरायला सगळ्या कंपन्यांवर वार्षिक लेव्ही, म्हणजे पट्टी. 1 जानेवारी 2009 पासून पुढे बांधलेली घरं यात नाहीत, म्हणजे स्वस्त विम्याच्या भरवशावर कोणी नदीत नवी घरं बांधू नयेत. योजनाही कायमची नाही, 2039 ला बंद व्हायची आहे. तोपर्यंत घरं सुधारा असा हिशेब. क्लेमनंतर घर पुराला टिकेल असं दुरुस्त करायला 10 हजार पौंडांपर्यंत जादा द्यायचीही सोय केली आहे: वीजजोडण्या वर नेणं, दाराला फळ्या बसवणं वगैरे.

सामा_सावली_रोड

म्हणजे ब्रिटनमध्येही 2010 च्या घरात राहणारा बिचारा बाहेरच. त्याने काय पाप केलं? घर बिल्डरने बांधलं, शिक्षा राहणाऱ्याला. तारीख ठेवायची तर बांधणाऱ्यावर ठेवा ना.

सर्व्हेयर_निवृत्त

नमस्कार. आयुष्य क्लेमचे सर्व्हे करण्यात गेलं, त्यामुळे राहवत नाही.

सामावाल्यांचा मुद्दा नुसता रागाचा नाही, त्याला कायद्यात जागा आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं कलम 16 वाचा. राज्य सरकार अधिसूचना काढून सांगेल ते विमे बिल्डरने उतरवायचे, आणि विक्रीकरार झाला की त्यांचा लाभ घर घेणाऱ्याकडे जायचा. जमिनीचं टायटल आणि बांधकाम हे दोन प्रकार नावानिशी आहेत, पण यादी तेवढ्यावर बंद केलेली नाही. राज्याला पुराचा विमा त्यात घालता येईल असं माझं वाचन आहे.

आता याला दुसरी गोष्ट जोडा. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाच्या आदेशाने सगळ्या कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. पूर त्यात मुळातच आहे, वेगळा मागावा लागत नाही. ती 10 वर्षांपर्यंत एकदम घेता येते. तर नदीच्या पट्ट्यात नवी स्कीम टाकणाऱ्याने ताबा देताना प्रत्येक फ्लॅटमागे 10 वर्षांची पॉलिसी स्वतःच्या पैशाने द्यावी. कंपनी त्या जागेचा जो दर लावेल तो फ्लॅटच्या किमतीत दिसेल. शेजारच्या स्कीमपेक्षा ही इतकी महाग का, असं गिऱ्हाईक विचारेल. बिल्डरने सांगितलं नाही तर आकडा सांगेल.

चौथा_मजला

हे पटलं. नव्यांचं बिल्डरच्या डोक्यावर, जुन्यांचं वेऱ्यातून, असं असेल तर मी भरायला तयार आहे. पण वेऱ्यात किती?

हिशेबनीस

पाटीवर मांडून बघू, सगळे आकडे ‘समजा’ आहेत. समजा 5 लाख घरं, प्रत्येकी वर्षाला 500 रुपये. जमले 25 कोटी. समजा मोठ्या पुरात 50 हजार घरांत पाणी शिरलं आणि प्रत्येकाला फक्त 50 हजार द्यायचे. झाले 250 कोटी. म्हणजे दहा वर्षांची जमा एका आठवड्यात संपली. आणि 31 जुलै 2019 चा तो जवळपास 20 इंची पाऊस आणि 2024 चा पूर यांच्यात पाचच वर्षं आहेत. 500 मध्ये भागत नाही. हजार केले तर पाच वर्षांत जेमतेम, तेही पुनर्विम्याचा खर्च न धरता.

एक उपाय म्हणजे जीएसटी. घराच्या विम्यावर आजही 18 टक्के आहे. 2025 मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा काढला, घराचा राहिला. पुराला दरवर्षी मदत वाटणारं सरकार पुराच्या विम्यावर कर घेतं, याचं मला नवल वाटतं.

दुसरं, ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे पालुपद बंद करा. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. 30 वर्षांचं होम लोन धरलं तर फेडेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता 26 टक्के, चारात एक. आपल्याकडे तर त्याहून जास्त असणार.

मगरमित्र

गुजरात सरकार विम्याच्या भानगडीत पडेल असं वाटतं का तुम्हाला? पीकविम्यातून 2020 मध्येच बाहेर पडलं आणि किसान सहाय योजना काढली. प्रिमियम शून्य, नुकसान 33 टक्क्यांच्या वर गेलं की हेक्टरी 20 हजार, 60 च्या वर 25 हजार, 4 हेक्टरपर्यंत. मदत जाहीर केली की फोटो छापून येतो. विम्याचे पैसे आपोआप खात्यात आले तर फोटो कोणाचा छापणार?

विश्वामित्रीकाठ

हा सगळ्यात कडू मुद्दा आणि माझ्याकडे याला पुरतं उत्तर नाही. पण नागालँडने राज्याच्या नावाने पावसाच्या आकड्यावर चालणारा विमा घेतला आहे. आकडा ओलांडला की पैसे राज्याकडे येतात, पुढे वाटप सरकारच करतं. फोटोची सोय तिथे शाबूत आहे.

कामाटीपुरावाली

इतका वेळ वाचत होते. सगळी चर्चा मालकांची चालली आहे. आमच्या आणि परशुराम भठ्ठ्याच्या वस्तीत पाणी आधी येतं आणि शेवटी जातं. निम्म्यांच्या नावावर वेरा बिल नाही, दस्तावेज नाहीत. खोली भाड्याची, पण शिलाई मशीन आणि मिक्सर स्वतःचे. मालकाच्या खात्यात 50 हजार आले तर तो भाडेकरूला त्यातले किती देईल, सांगा बरं.

सर्व्हेयर_निवृत्त

बरोबर आहे. ‘भारत गृह रक्षा’ नुसत्या घरातल्या वस्तूंचीही घेता येते, भाडेकरूला घेता येते. पण रोजंदारीवरचा माणूस ती घेणार नाही हेही दिसतंय. वस्तूंचा भाग वेऱ्याला न जोडता वीजमीटरला जोडावा असं मला वाटतं. भाडेकरूच्या खोलीत बहुधा निदान सबमीटर असतो.

कामाटीपुरावाली

सबमीटर मालकाच्याच नावावर असतो हो काका. रेशनकार्डाला जोडा. आणि ठरावीक छोटी रक्कम द्या, वस्तूंची यादी मागू नका. अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने उन्हाच्या तापमानावर बायकांना थेट पैसे देणारा विमा चालवून दाखवलाय. तापमापकाने चालतं तर नदीच्या पट्टीने का नाही?

विश्वामित्रीकाठ

रेशनकार्ड घेतलं. मग मसुदा असा फिरवतो: वस्तूंची ठरावीक रक्कम राहणाऱ्याला, रेशनकार्डावर, काळ्या घोड्याच्या पातळीप्रमाणे. घराच्या दुरुस्तीचा भाग मालकाला, वेऱ्यातून, आज उभी असलेली सगळी घरं धरून, सामावाले सुद्धा. अधिसूचनेनंतर नदीपट्ट्यात नवं काही उभं राहिलं तर ते वेऱ्याच्या योजनेत नाही, त्याचा 10 वर्षांचा विमा बिल्डरचा. पट्टा कुठला, याचा नकाशा वॉर्ड ऑफिसात भिंतीवर लावलाच पाहिजे.

ह्यूस्टनची_सून

11 व्या वर्षी काय? पॉलिसी संपली, प्रिमियम चौपट, आणि त्या स्कीममधले 200 मतदार वॉर्ड ऑफिसात. आमच्याकडे 2014 मध्ये जे झालं ते तुमच्याकडे तेव्हा होईल. आत्ताच लिहून ठेवा.

सामा_सावली_रोड

तोपर्यंत आमचं काय? आज कोणी सांगेल का, मी उद्या नक्की काय करू?

सर्व्हेयर_निवृत्त

आधी कर्जाची फाईल उघडा. कर्ज देताना पुष्कळदा विमा गळ्यात मारलेला असतो आणि लोकांना पत्ता नसतो. तो आयुर्विमा आहे की घराचा, ते बघा. घराचा असेल तर विमा रक्कम बघा. ती जमिनीसकट बाजारभावाने नसते, कार्पेट क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामखर्च, अशी असते. तेवढीच लागते, म्हणून प्रिमियम वाटतो तितका नसतो. इमारतीचा विमा असला की वस्तू आपोआप 20 टक्क्यांपर्यंत धरल्या जातात, कमाल 10 लाख. दागिने, चित्रं वगैरेंचं वेगळं सांगावं लागतं.

घरातल्या प्रत्येक खोलीचा मोबाईलवर व्हिडिओ काढून स्वतःलाच ईमेल करा. पाणी आलंच तर ओसरल्यावर भिंतीवरच्या खुणेजवळ मोजपट्टी धरून फोटो, आणि कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेयर येण्याआधी गाद्या कचरागाडीत टाकू नका, फार वास येत असेल तर फोटो काढून टाका. आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर पाण्यात सुरू केलेल्या इंजिनाचा क्लेम नामंजूर होतो. याच गोष्टीवरून लोकांनी मला सगळ्यात जास्त शिव्या दिल्या आहेत.

सामा_सावली_रोड

फाईल काढली. विमा आहे, पण आयुर्विमा. घराचा नाही. म्हणजे बुडालो तर बँकेचे पैसे मिळतील, सोफा बुडाला तर नाही.

सर्व्हेयर_निवृत्त

उद्याच घ्या. जून तोंडावर आला की फोन करणारे फार असतात.